हवालदाराचा चार्ज

तुकोजी धुमाळांच्या घरात हवालदार एकच होता, आणि तो कोंबडा होता.

लोकांना यात चेष्टा दिसायची, तुकोजींना दिसत नसे. ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत त्यांनी चौदा वर्षं बिगुल वाजवला होता. पहाटे साडेचारला उठायचं, मिशीवरून ओला हात फिरवायचा आणि अख्ख्या पलटणीला अंथरुणातून बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. या कामात कुणी दुवा देत नाही, शिव्याच पडतात. तरी तुकोजींनी ते मन लावून केलं आणि नाईक झाले. पुढची पायरी हवालदाराची. तिचाही हुकूम निघाला. टाइप झाला, सही झाली, नक्कल तुकोजींच्या हातात पडली, विजयाबाईंनी मोहल्ल्यात पेढे वाटले. त्याच आठवड्यात संस्थान नव्या मध्यभारत राज्यात विलीन झालं आणि फौजेची नवी मांडणी सुरू झाली. आता जास्तीची माणसं घरी जायची होती आणि बिगुलवाले जास्तीतले निघाले. तुकोजी नक्कल घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. साहेब भला माणूस होता. "तुकोजी, कागद बिल्कुल खरा आहे," तो म्हणाला, "पण ज्या सरकारचा आहे, ते सरकारच आता राहिलं नाही."

पेढे काही परत मागता येत नाहीत. मोहल्ल्यातल्या बायका पुढे सहा महिने विजयाबाईंना कौतुकानं हवालदारीणबाई म्हणत राहिल्या, आणि ती हाक कानावर पडली की तुकोजी उगाचच विहिरीकडे जाऊन यायचे.

पुढे मोतीमहालात मध्यभारताच्या कचेऱ्या बसल्या आणि तुकोजींना तिथे दफ्तरीची नोकरी लागली. फायली शिवायच्या, बस्ते बांधायचे, कपाटांवर चिठ्ठ्या डकवायच्या. या आनंदात छावणीतल्या सासूबाईंनी रश्शासाठी एक तरणा कोंबडा धाडून दिला. पण कोंबड्याच्या बाजूनं पंचांग उभं राहिलं. तो आला आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. विजयाबाईंच्या चुलीवर श्रावणात मांस चढत नसे. मग गणपती आले, मग पितृपक्ष, मग घट बसले. दसऱ्याला वाटण तयार झालं तोवर कोंबड्याला घरात येऊन अडीच महिने झाले होते, आणि रोज साडेचारला, तुकोजींचा डोळा उघडायला आणि याचा गळा उघडायला एकच गाठ पडत होती. तुकोजी सुरी घेऊन अंगणात गेले आणि तशीच घेऊन परत आले. म्हणाले, हा आपल्या खात्यातला माणूस आहे, याला मी कापणार नाही. त्या दिवशी बाजारातून दुसरी कोंबडी आली, आणि याला हवालदार हे नाव मिळालं.

आपल्याला जे मिळालं नाही ते याला तरी असू दे, असं तुकोजी तोंडानं बोलले नाहीत. विजयाबाईंना ते न सांगता कळलं, आणि एवढ्या एका गोष्टीवरून त्यांनी नवऱ्याला कधी छेडलं नाही. बाकी सगळ्या गोष्टींवरून छेडलं.

अशी पाच वर्षं गेली. छप्पन साली भाद्रपदात बातमी पक्की झाली की मध्यभारत संपणार, नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार. तुकोजींना जन्मात दुसऱ्यांदा विलीन व्हायचं होतं. या खेपेला नोकरी शाबूत होती, पण ती करायला भोपाळला जावं लागणार होतं. क्वार्टरचं पत्र आलं. एक खोली आणि अर्धा व्हरांडा, उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या दफ्तरीचं कुटुंब, आणि पत्राच्या तळाशी एक ओळ, की क्वार्टरात पशुपक्षी पाळायला मनाई आहे.

म्हणजे हवालदाराला ग्वाल्हेरातच घर शोधणं आलं. तुकोजींची अट एकच होती, की जिथे जाईल तिथे त्याला कुणी खायचं नाही. ऐकायला सोपी अट आहे. पण तुकोजींचे सगळे पाहुणे शिपाईगडी, आणि कोंबड्याकडे पाहून त्यांच्या तोंडाला पाणी सुटणार नाही तर कुणाच्या सुटणार?

पहिला मान मेहुण्याचा, कृष्णरावांचा. त्यांनी अर्धं बोलणं ऐकूनच होकार दिला. म्हणाले, फिकर करू नका दाजी, घरच्यासारखा ठेवू. तुकोजी कोंबडा त्यांच्या हातात देणार, तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या, त्यांनी प्रेमानं हवालदाराची मांडी दाबून पाहिली आणि घरात सुकं खोबरं आहे का असं सुनेला विचारलं. तुकोजींनी हवालदाराला पुन्हा काखेत मारलं, चहासुद्धा न घेता टांगा गाठला आणि वाटेत मनाशी एक कायदा केला, की लगेच हो म्हणणाऱ्या माणसाच्या घरी हा जाणार नाही.

दुसरे रघुनाथराव. फौजेतले जुने सोबती, आता बिर्ला नगरच्या मिलमध्ये दरवान. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, दोन दिवस विचार केला आणि मग देव्हाऱ्यातल्या टाकावर हात ठेवून सांगितलं, की याच्या केसाला धक्का लागणार नाही. लागलाही नाही. पण मिलच्या भोंग्याचा विचार दोघांनीही केला नव्हता. भोंगा झाला की हवालदाराला वाटे, कुणीतरी आपल्यावर आवाज चढवलाय. तो प्रत्येक पाळीच्या भोंग्याला उत्तर देऊ लागला आणि भोंगा थांबला तरी हा थांबेना. रात्रपाळी करून आलेली माणसं भर दुपारी उठून दारात उभी राहू लागली. तिसऱ्या दिवशी रघुनाथराव सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आले. पिशवीतून फक्त तुरा बाहेर होता. "मी याला खाणार नाही, तुकोजी," ते खाली मान घालून म्हणाले, "पण लाइनीतली माणसं मला खातील."

दारात पिशवी पाहून विजयाबाईंनी विचारलं, आले का हवालदार छुट्टीवरून? आणि मुठीतली बाजरी अंगणात टाकली. आपण मूठ भरूनच बाहेर आलो होतो हे नवऱ्याच्या ध्यानात येऊ नये म्हणून त्या लगेच आत गेल्या.

आता तुकोजींनी दिशा बदलली. न खाणाऱ्यांत शोधायचं. त्यांच्या सेक्शनचे हेडक्लार्क श्रीपादराव काकिर्डे, जुन्या दरबारी घराण्यातले, तेही भोपाळला निघालेले. मागे नई सडकेवर त्यांचं घर, मागच्या अंगाला मोकळी जागा, आणि घरी राहणार होती ती फक्त त्यांची आत्या. तुकोजींनी भीत भीत विषय काढला. श्रीपादरावांनी कानावर हात ठेवले. आत्याचं सोवळं म्हणजे काय चीज आहे हे त्यांनी दहा मिनिटं सांगितलं, आणि मग पुन्हा यादी करायला घेतली.

त्या दिवसांत मोतीमहालात याद्यांशिवाय दुसरं काम नव्हतं. ट्रकवर चढणारी प्रत्येक वस्तू चार्जच्या यादीत लिहायची, देणाऱ्यानं सही करायची, घेणाऱ्यानं सही करायची. एक तीन पायांची खुर्ची होती, ती यादीत असल्यामुळे तीही भोपाळला चालली होती, आणि तिचा चौथा पाय वेगळ्या ओळीत लिहिला असल्यामुळे वेगळ्या ट्रकनं चालला होता. श्रीपादराव हसत म्हणाले, पाहा, तुकोजी, एकदा चार्जमध्ये नाव चढलं की त्या वस्तूला यमसुद्धा सहीशिवाय नेत नाही.

बाकीच्यांनी हसून सोडून दिलं. तुकोजींच्या ते मनात जाऊन बसलं. फौज मोडली तेव्हा पलटणीची पातेली, तंबूच्या मेखा, इतकंच काय त्यांचा स्वतःचा बिगुल, सगळं कुणाच्या ना कुणाच्या चार्जमध्ये गेलं होतं. तुकोजी कुठल्याच यादीत नव्हते. दुपारी त्यांनी रद्दीत निघालेल्या कोऱ्या फॉर्मांतला एक उचलला. वर ठळक छापलेलं होतं, 'मध्यभारत शासन, प्रभार-सूची', म्हणजे चार्जची यादी. खाली त्यांनी टाक बुडवून वळणदार अक्षरात लिहिलं: कोंबडा, जिवंत. संख्या एक. दशा उत्तम. तुरा लाल. डाव्या पायाचं एक नख तुटकं. आता फक्त असा माणूस हवा होता, ज्याची सही म्हणजे सही.

तो माणूस श्रीपादरावांच्याच घरातून निघाला. त्यांची आत्या, इंदुताई, मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. गल्लीतल्या राममंदिराची किल्ली तीस वर्षं त्यांच्या कमरेला होती. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे पाचला त्यांनी दार उघडायचं आणि मग काकडा व्हायचा. कानानं त्या जरा कमी ऐकायच्या, त्यामुळे घड्याळाचा गजर त्यांच्यापर्यंत पोचत नसे. भाचा उठवायचा. या वर्षी भाचा पहिल्या ट्रकबरोबर आठ दिवस भोपाळला जाऊन आला, आणि त्या आठवड्यात दोनदा गल्लीतली माणसं बंद दारासमोर थंडीत काकडा हातात घेऊन उभी राहिली. इंदुताई एक दिवस जेवल्या नाहीत. किल्ली दुसऱ्या कुणाला देऊन टाकते म्हणाल्या. श्रीपादरावांना रडू यायचं बाकी होतं. आत्या भोपाळला यायला तयार नव्हती, आणि ते गेल्यावर तिला उठवायला घरात कुणी नव्हतं.

तुकोजींनी हे सगळं ऐकून घेतलं, हातातला बस्ता पुरा बांधला, गाठ मारली आणि मग म्हणाले, "श्रीपादराव, माझ्याकडे एक आहे. बरोबर साडेचारला उठवतो. कमी ऐकणाऱ्याला पण."

श्रीपादराव हसायला लागले आणि मध्येच हसायचे थांबले.

एकतीस ऑक्टोबरच्या संध्याकाळी तुकोजी नई सडकेवरच्या त्या घरात ओटीच्या कडेला बसले होते. वाटलं होतं, इंदुताई उभं करणार नाहीत. पण त्यांनी फक्त प्रश्न विचारले. राहणार कुठे? मागच्या टांगाखान्यात, तिथे टांगा नसल्याला बारा वर्षं झाली होती. खाणार काय? बाजरी, मूठभर. आणि तिसरा प्रश्न खरा अवघड होता. काकिर्ड्यांच्या घरात कोंबडा पाळलाय, असं गल्ली म्हणाली तर गल्लीला काय सांगायचं? तुकोजींनी खिशातून तो फॉर्म काढून समोर ठेवला. म्हणाले, पाळायचा नाही ताई, फक्त ताब्यात घ्यायचा.

इंदुताईंचा चेहरा उजळला. चार पिढ्या दरबारच्या दप्तरात गेलेलं ते घर. पाळणं निराळं आणि ताब्यात असणं निराळं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. ताब्यातल्या वस्तूची निगा राखावी लागते, तिच्याशी सोयरीक होत नाही. पण त्या मास्तरीण होत्या, परीक्षा घेतल्याशिवाय पास करणाऱ्या नव्हत्या. उद्या नरकचतुर्दशी. उद्याचं अभ्यंगस्नान आणि उद्याचा काकडा वेळेवर झाला तर त्या सही करणार होत्या.

तुकोजी घरी येऊन हवालदाराला न्यायला लागले, तेव्हा विजयाबाईंनी डालगं धुऊन वाळवून ठेवलेलं होतं. बाजरीची पुरचुंडी बांधलेली होती आणि चिवड्यासाठी आणलेले शेंगदाणेही त्यात थोडे गेले होते. आज त्यांनी काही टोमणा मारला नाही. थंडीत याच्यावर गोणपाट घालायला सांगा, एवढंच म्हणाल्या आणि दिवे लावायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तुकोजींना आपोआप जाग आली आणि अंगण गप्प होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा गप्प होतं. ते तसेच अंधारात पडून राहिले आणि त्यांना फार वाईट वाटलं. विजयाबाईही जाग्या होत्या. दोघंही एकमेकांना झोपेत समजून पडून राहिले. मग तुकोजी उठले, तेल लावून घेतलं, उटण्यानं आंघोळ केली, अंगठ्यानं कारीट फोडलं आणि कोट चढवून निघाले. रस्त्यावर पोरांचे फटाके सुरू झाले होते.

इंदुताई मंदिरातून परत येऊन ओटीवर बसल्या होत्या, ओले केस, कपाळाला बुक्का, कमरेला किल्ली. टांगाखान्याच्या बाजूनं हवालदाराची भरदार हाक आली. इंदुताईंनी सांगितलं की त्या साडेचारलाच उठल्या, आणि त्या एकट्याच उठल्या नाहीत. शेजारचे माधवराव, ज्यांना गल्लीनं आठाच्या आत कधी पाहिलेलं नव्हतं, तेसुद्धा डोळे चोळत काकड्याला हजर झाले होते. त्यांनी रागानं चौकशी केली, हा कुणाचा कोंबडा? इंदुताईंनी उत्तर दिलं, कुणाचा नाही, माझ्या चार्जमध्ये आहे. माधवराव आरतीला उभे राहिले.

इंदुताईंनी चष्मा लावला, फॉर्म हातात घेतला, टाक उचलला. पहिल्या ओळीवरच टाक थांबला.

"तुकोजी, हे मध्यभारत शासन आहे," त्या म्हणाल्या. "ते काल रात्री बारा वाजता संपलं."

वीस दिवस ते स्वतःच्या हातांनी प्रत्येक बस्त्यावर 'एकतीस ऑक्टोबरपर्यंत' अशी चिठ्ठी डकवत होते. गावातल्या प्रत्येक कागदाची मुदत त्यांना पाठ होती आणि स्वतःच्या कागदाची तेवढी दिसली नव्हती. ते साहेबांपुढे उभे राहिले होते तसेच उभे राहिले, आणि न सांगता त्यांचा हात फॉर्म परत घ्यायला पुढे झाला. म्हणाले, असू द्या ताई, मला माहीत आहे, असा कागद चालत नाही.

कसं माहीत आहे, असं इंदुताईंनी विचारलं. कानामागे हात धरून विचारलं, त्यामुळे सांगताना तुकोजींना आवाज चढवावा लागला. सात-आठ वर्षं मनात ठेवलेली गोष्ट त्यांना नई सडकेवरच्या ओटीवर, भर दिवाळीच्या पहाटे, मोठ्यानं सांगावी लागली. बिगुल, हुकूम, नक्कल, पेढे, आणि साहेबांचं ते वाक्य. मग कोंबड्याचं नाव हवालदार का, तेही. सांगून झालं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

इंदुताईंनी फॉर्म मांडीवर सरळ केला.

"माझ्या सहीचे किती दाखले संस्थानच्या नावाचे आहेत," त्या म्हणाल्या. "संस्थान गेलं म्हणून माझ्या मुली नापास झाल्या का?"

आणि त्यांनी टाक दौतीत बुडवून घेणाऱ्याच्या जागी ठसठशीत सही केली. खाली तारीख घातली, एक नोव्हेंबर. मग पुन्हा वरून खाली तपासायला लागल्या, पेपर तपासावा तसा. 'देनेवाले का पद' या रकान्यात तुकोजींनी काहीच लिहिलेलं नव्हतं. मध्यभारताचे दफ्तरी ते काल रात्रीपर्यंतच होते, आणि भोपाळला हजर व्हायला अजून चार दिवस होते. आज ते कुणाचेच काही नव्हते. इंदुताईंनी तो रकाना पाहिला आणि त्यात लिहिलं, हवालदार.

तुकोजींना ते उलट बाजूनंसुद्धा वाचता आलं.

"आता याचं नाव बदलावं लागेल," इंदुताई चष्मा काढत म्हणाल्या. "एका कागदावर दोन हवालदार मला चालणार नाहीत. याला मी सुभेदार करते. याचं काम चांगलं आहे."

तुकोजी मागे टांगाखान्यात गेले. नव्या सुभेदारानं गोणपाटावर उभं राहून त्यांच्याकडे एका डोळ्यानं पाहिलं आणि शेंगदाणे वेचायला लागला. तुकोजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तुटकं नख पाहून घेतलं, आणि वरच्या हुद्द्याला करतात तसा सलाम केला. पाडव्याच्या गाडीनं धुमाळ कुटुंब भोपाळला गेलं. फॉर्मची एक नक्कल तुकोजींच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. विजयाबाईंनी ती प्रवासात दोनदा मागून घेतली आणि दोनदा वाचली.

भोपाळात सगळंच नवं होतं. पाणी, भाजीवाला, व्हरांड्याच्या अर्ध्या भागावरून रोज होणारी कुरबुर. कचेरीत सगळे 'ए दफ्तरी' म्हणूनच हाक मारायचे आणि त्यात गैर काही नव्हतं. तीन पायांची खुर्ची पोचली होती, चौथा पाय अजून वाटेत होता. साडेचारला तुकोजी उठायचे आणि खिडकीशी बसून राहायचे.

कार्तिकी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. शनिवारची दुपार होती, कचेरी लवकर सुटली होती. टपालवाला अंगणात आला, हातातलं कार्ड लांब धरून वाचू लागला आणि अंगणाभोवतीच्या चारही खोल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "हवलदार धुमाळ साहब कौन हैं?"

व्हरांड्यात बसलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तुकोजींनीही दारातून डोकावून पाहिलं, की कोण आहे.

"अहो, जा ना," विजयाबाई मागून हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हालाच बोलावतोय."

कार्डावर इंदुताईंचं अक्षर होतं. चार्जमधील वस्तू सुस्थितीत, तुरा लाल, काकडा एकदाही चुकला नाही, इतकंच त्यात होतं. पण ते तुकोजींनी नंतर वाचलं. आधी ते आत गेले, खुंटीवरचा कोट अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली, डोक्यावर टोपी ठेवली, आणि अंगणात येऊन टपालवाल्यासमोर टाचा जुळवून म्हणाले, "मी."